पंक बँडचा पुढचा अल्बम सुरेल गॉथिक रॉककडे कसा वळवायचा

तीन कॉर्ड, दोन मिनिटं आणि शिरा ताणून ओरडणं, एवढ्या भांडवलावर पंक बँडचा पहिला अल्बम होतो आणि चांगला होतो. पुढच्या अल्बमला चाल हवीशी वाटते, काळोख हवासा वाटतो. तेव्हा हमखास होणारी चूक म्हणजे गाणी तीच ठेवून वेग जरा उतरवायचा आणि वरून रिव्हर्ब (रिकाम्या खोलीतल्यासारखा घुमारा) ओतायचा. त्यातून गॉथिक रॉक, म्हणजे पंकमधूनच निघालेला काळोख्या सुरांचा रॉक, होत नाही, विहिरीत पडलेलं पंक ऐकू येतं.

गॉथिक रॉकमध्ये खरं काम जागा करण्याचं आहे. पंकमध्ये गिटार, बास, झांजा आणि आवाज एकाच वेळी सगळी जागा भरून टाकतात, त्यातूनच तो जोर येतो. इथे प्रत्येकाने दुसऱ्यासाठी सरकायचं असतं. पुढचं सगळं त्या सरकण्याबद्दल आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जे साहित्य आणि ज्या जागा मिळतात त्या धरून ते लिहिलं आहे.

लंडनच्या ‘द डॅम्ड’चा प्रवास आधी नीट ऐका. ऑक्टोबर 1976 मध्ये आलेलं ब्रिटिश पंकचं पहिलं सिंगल त्यांचं, फेब्रुवारी 1977 चा पहिला ब्रिटिश पंक अल्बमही त्यांचाच. याच बँडचा ‘फँटास्मागोरिया’ 1985 साली आला तो सुरेल गॉथिक रॉक घेऊन, आणि ब्रिटनच्या यादीत 11 व्या क्रमांकापर्यंत गेला. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या होत्या. 1980 च्या ‘द ब्लॅक अल्बम’वर त्यांनी सतरा मिनिटांचं एक गाणं करून पाहिलं होतं, म्हणजे लांब पल्ल्याची सवय आधीच लागली होती. आणि 1984 मध्ये गिटारवाला कॅप्टन सेन्सिबल बाहेर पडल्यावर कीबोर्डवरचा रोमन जग गिटारवर आला. गायक डेव्ह व्हॅनियन मात्र तोच राहिला, त्याचा खर्जातला आवाज आता मधोमध आला. तुमच्या बँडमध्ये माणसं बदलायची गरज नाही, पण कामं बदलावी लागतील.

गाणी पेटीवर तपासा

बारा-चौदा कच्ची गाणी हाताशी असतील तर प्रत्येक गाणं फक्त पेटी आणि आवाज यांवर म्हणून बघा. पेटी मिळणं अवघड नाही, या भागात भजनी मंडळ नाही असं गाव शोधावं लागेल. गिटारचा गोंगाट काढून घेतल्यावरही चाल उरते का, एवढंच पाहायचं. उरली तर गाणं घ्या. नुसती घोषणा उरली तर ते पुढच्या पंक ईपीसाठी (चार-पाच गाण्यांच्या छोट्या अल्बमसाठी) बाजूला ठेवा, त्याला ओढूनताणून काळं करू नका. दहा गाणी आणि चाळीस मिनिटांच्या आतबाहेर एवढा अल्बम पुरे.

पट्टी याच बैठकीत ठरवा. सगळ्या गिटारी अर्धा सूर खाली उतरवा: जाड तारेपासून ई-फ्लॅट, ए-फ्लॅट, डी-फ्लॅट, जी-फ्लॅट, बी-फ्लॅट, ई-फ्लॅट. आता ई मायनरचा आकार धरला की षड्ज येतो काळी दोनचा. त्यामुळे पेटीवाल्याला ओळखीची पट्टी मिळते, तारा थोड्या सैल होऊन आवाज गडद होतो आणि गायकाला खाली जायला वाव मिळतो. पेटीचे सूर जागेवर बदलता येत नाहीत आणि जुन्या पेट्या ट्यूनरच्या 440 वर (ए सुराचं प्रमाण माप, हर्ट्झमध्ये) तंतोतंत असतातच असं नाही. म्हणून पेटी ट्यूनरला लावायला जाऊ नका. ट्यूनरचं माप 440 वरून सरकवत पेटीचा षड्ज जिथे सुरात दिसेल तिथे थांबा, समजा 443 ला, आणि गिटारी त्याला मिळवा. हे रेकॉर्डिंगच्या पहिल्याच दिवशी करायचं. बास वाजवून झाल्यावर लक्षात आलं तर बास पुन्हा वाजवावा लागतो.

सूर आणि कॉर्ड

पाश्चात्त्य नॅचरल मायनर म्हणजे आपला आसावरी थाट: गंधार, धैवत, निषाद कोमल. निषाद शुद्ध केला की किरवाणी. रिषभही कोमल घेतला की भैरवी थाट, ज्याला तिकडे फ्रिजियन म्हणतात. कुमार गंधर्व सुळेभावीचे आणि मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळच्या मन्सूरचे, त्या मुलखातल्या कानांना हे सूर नव्याने शिकवावे लागत नाहीत. अडचण आहे ती कॉर्डची. पंकचा पॉवर कॉर्ड म्हणजे षड्ज-पंचम, त्यात गंधारच नसतो. गंधार नाही तर मायनरही नाही, आणि मग उदासी येणार कुठून?

मात्र गेन (ॲम्पवरची आवाज फाडणारी खुंटी) तसाच चढा ठेवून गंधार मिसळलात तर चिखल होतो. त्याचं कारण समजून घ्या. डिस्टॉर्शन, म्हणजे गेनने फाटलेला आवाज, दोन सुरांच्या कंपनसंख्यांच्या फरकाइतका एक तिसरा सूर तयार करतं. साध्या ट्यूनिंगमध्ये ई 165 हर्ट्झ आणि बी 247 हर्ट्झ. फरक 82, म्हणजे एक सप्तक खालचा ईच, म्हणून पॉवर कॉर्ड भरदार वाटतो. ई 165 आणि जी 196 यांचा फरक 31, हा सूर म्हणून नीट ऐकू न येणारा गुरगुराट. म्हणून गेन दहापैकी तीन-चारवर आणा, आणि गंधार असलेले कॉर्ड एकदम न झोडता एकेक तार छेडत वाजवा.

सुरुवातीला ही चौकट घ्या. तारांचे पडदे जाड तारेपासून लिहिले आहेत, क्ष म्हणजे तार वाजवायची नाही:

ई मायनर: 0-2-2-0-0-0
सी मेजर सेव्हन: क्ष-3-2-0-0-0
ए सस टू: क्ष-0-2-2-0-0
बी सेव्हन: क्ष-2-1-2-0-2

पहिल्या तीन कॉर्डमध्ये खालच्या दोन बारीक तारा मोकळ्या आहेत. त्या सतत झणकत राहतात, खालचा आधार तेवढा हलतो. तंबोऱ्यासारखा हा न हलणारा सूर गॉथिक गिटारची अर्धी जादू आहे. बी सेव्हनला बारीक तारेकडून चौथ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर शुद्ध निषाद येतो आणि पुन्हा षड्जावर जायची ओढ लागते. इथेच गायक फसतो. आधीच्या तीन कॉर्डवर तो कोमल निषाद घेत असतो आणि सवयीने बी सेव्हनवरही तोच लावतो. कोमल आणि शुद्ध निषाद एकमेकांवर आपटतात. ऐकणाऱ्याला गायक बेसूर वाटतो, तो बेसूर नसतो, चुकीच्या निषादावर असतो. त्या एका मात्रेपुरता शुद्ध निषाद घोटून घ्या.

गिटारला चाल लागली म्हणून ताना आणि मुरक्या मात्र नकोत. ठरलेल्या कॉर्डवर लांब मींड घेतली की अधले सूर कॉर्डशी भांडतात. सूर लावा, धरा, सोडा.

लय

180 ते 200 बीपीएमवरून (मिनिटाला ठोके) 125 ते 145 ला या. याहून खाली गेलात तर पंकची नाडी हरवते, आणि ती हरवू द्यायची नाही. वेग सोडवत नसेल तर 160 ठेवा आणि ड्रमरला ठाय धरायला सांगा: स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर न घेता फक्त तिसऱ्यावर. गिटार धावते, ड्रम चालतो. त्या ताणातून चांगली गाणी निघतात.

हाय-हॅट आणि क्रॅश या झांजांनी वरची सगळी जागा खाल्लेली असते, आणि तीच जागा आता छेडलेल्या तारांना लागणार आहे. तालमीत क्रॅश स्टँडवरून उतरवूनच ठेवा. समोर असला की हात जातोच. उजवा हात फ्लोअर टॉमवर (जमिनीवर उभा मोठा ड्रम), सरळ आठव्या नोटा. डावा स्नेअरवर. किक, म्हणजे पायाने वाजणारा ड्रम, पहिल्यावर आणि तिसऱ्याच्या जरा आधी. ‘सूक्सी अँड द बॅनशीज’चा 1981 चा ‘जूजू’ ऐकला की टॉमवर गाणं कसं उभं राहतं ते कळतं. ड्रमर मिळत नसेल तर मशीन लावायला लाजू नका, ‘द सिस्टर्स ऑफ मर्सी’ने अख्खी ओळख ड्रम मशीनवर उभी केली आणि त्या मशीनला नावही दिलं, डॉक्टर ॲव्हलांच.

बास पुढे, गिटार मागे

चाल बासने वाहायची. ‘जॉय डिव्हिजन’चा 1979 चा पहिला अल्बम याचा धडा आहे: पीटर हुकचा बास वरच्या पडद्यांत गातो आणि गिटार रेघोट्या मारते. बासवाल्याने पिक घ्यावं, डी आणि जी या तारांवर सातव्या ते चौदाव्या पडद्यांत फिरावं, आणि प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर खाली येऊन मूळ सूर द्यावा. तो खालचा सूर चुकवलात तर तळ जातो आणि गाणं हवेत लटकतं.

वर वाजवायला लागलात की बासचं इंटोनेशन, म्हणजे वरच्या पडद्यांवर सूर नेमका लागणं, उघडं पडतं. पंकमध्ये तिसऱ्या-पाचव्या पडद्यावर ते कुणाला कळलं नव्हतं. बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती शिवून काढलेला सूर) आणि त्याच पडद्यावर दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला चढा येत असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे, मानेपासून दूर घ्या. उतरत असेल तर पुढे. पाव आटा फिरवायचा, तार पुन्हा सुरात आणायची, मग पुन्हा बघायचं. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात लाकूड फुगतं, मान हलते, तेव्हा हे जूनमध्ये केलं असेल तरी रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी परत करा.

गिटारचे पेडल या क्रमाने: ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह, कोरस किंवा फ्लँजर (सूर हेलकावणारे), डिले (प्रतिध्वनी), रिव्हर्ब. कोरस हळू ठेवा, सेकंदाला अर्धा ते एक हेलकावा. डिलेची वेळ अंदाजाने लावू नका. 60,000 भागिले बीपीएम म्हणजे एका मात्रेचे मिलिसेकंद. 130 ला ते 461 येतात, त्यांचा पाऊण म्हणजे 346. हा पाऊण डिले लावला की साध्या छेडण्यातून दोन गिटारी वाजल्यासारखं विणकाम होतं. पुनरावृत्ती दोन-तीनच. कोरस एकाच वाद्यावर असू द्या, फार तर दोनवर. गिटार, बास, पेटी सगळ्यांवर कोरस लावला की कुणाचाच सूर ठाम राहत नाही आणि गायक पोहायला लागतो.

पेटीने कॉर्ड भरायचे नाहीत. षड्ज-पंचम, कधी नुसता पंचम, आणि भाता संथ. माइक पेटीच्या वर 40-50 सेंटिमीटरवर, भात्याच्या उलट बाजूला कललेला. नाहीतर भात्याचा श्वास आणि पट्ट्यांची खडखड सुरांपेक्षा मोठी येते. नंतर 200 हर्ट्झच्या खालचं कापा. पेटीचा जुना, थोडा घोगरा नाद चर्च ऑर्गनच्या नकलेपेक्षा किती तरी सच्चा लागतो.

आवाज आणि शब्द

ओरडणारा गळा एका आठवड्यात खर्जात उतरत नाही. दीड-दोन महिने रोज सकाळी वीस मिनिटं मंद्र सप्तकातला रियाज लागतो: काळी दोनचा षड्ज, तिथून मंद्र पंचमापर्यंत, एका श्वासात एक सूर. जोर लावून खाली जाऊ नका. घसा घोगरा झाला की तो दिवस सोडायचा. संपूर्ण अल्बम खर्जात नको, कडव्यात खाली आणि ध्रुवपदात मध्य सप्तकात, म्हणजे वर आल्यावर फरक जाणवतो.

मराठीत या शैलीला एक सोय आहे. आ, ए, ओ यांवर संपणारे शब्द कितीही लांबवता येतात: वाडा, सावल्या, उंबरे, येणारे. ट, ठ, क, त यांवर संपणारा शब्द ओळीच्या शेवटी आला की सूर कापला जातो. पंकमध्ये ते हवं होतं, इथे ते शब्द ओळीच्या मध्ये घ्या. ओळी छोट्या करा. पंकच्या ओळीत चौदा-सोळा अक्षरं कोंबलेली असतात, इथे आठ-नऊ पुरतात, ओवी-अभंगाच्या मापाला जवळ. प्रतिमा इथल्या घ्या. वटवाघळं आणि युरोपातले किल्ले कशाला, निपाणीची तंबाखूची रिकामी वखार आहे, पाडायला काढलेला वाडा आहे, पावसाळ्यात दुपारी चारलाच अंधारणारा जांबोटीचा रस्ता आहे. सीमेवरच्या माणसाला दोन भाषांत दोन नावं असलेल्या गावात राहण्याचं जे ओझं असतं, त्याइतका गॉथिक विषय दुसरा नाही. घोषणा म्हणून तो आधीच खूप गायला गेला आहे, विरह म्हणून अजून गायचा आहे.

माइकपासून तोंड 10 ते 15 सेंटिमीटरवर, मध्ये पॉप फिल्टर. जवळ गेलात की माइक स्वतःच खर्ज वाढवतो, म्हणून 80 हर्ट्झच्या खालचं कापून घ्या. रिव्हर्ब अडीच सेकंदांपर्यंत चालेल, पण त्याचा प्री-डिले 40 ते 60 मिलिसेकंद हवाच. शब्द आधी स्पष्ट निघून जातो, शेपूट मागून येतं. प्री-डिले शून्य ठेवला तर ‘सावली’ आणि ‘साउली’ एकच ऐकू येतं. च, स, श फार सळसळतात, तेव्हा डी-एसर (सळसळ दाबणारं प्लगइन) रिव्हर्बच्या आधी लावा, नाहीतर प्रत्येक स सभागृहभर फिरतो.

रेकॉर्डिंग कधी आणि कुठे

पितृपक्षात करा. गणपती विसर्जन झालेलं असतं, साऊंडवाले आणि डॉल्बीवाले नवरात्रापर्यंत मोकळे असतात, मोठा पाऊस ओसरलेला असतो, आणि मुहूर्त नसल्याने मंगल कार्यालयं रिकामी असतात. ड्रमसाठी मंगल कार्यालयासारखी खोली नाही: उंच छत, फरशी, उघड्या भिंती. माइक, स्टँड, केबल हे सगळं त्या दिवसांत घासाघीस करून मिळतं. दोन दिवस पुरे होतात.

ड्रमसेट हॉलच्या मधोमध नको, तिथे खालचे सूर पोकळ होतात. लांबीच्या एक तृतीयांशावर मांडा, खाली जाजम. जवळचे माइक सहा: किक, स्नेअर, दोन टॉम, दोन ओव्हरहेड. शिवाय खोलीचे दोन, ड्रमपासून तीन-चार मीटरवर. हे खोलीचे दोन माइक म्हणजेच तुमचा काळोख, कुठल्याही प्लगइनपेक्षा खरा. पंखे बंद. जुन्या चोकच्या ट्यूबलाइट बंद, त्यांचा गूं गूं थेट गिटार पिकअपमध्ये उतरतो. पत्र्याच्या आढ्यात पारवे असतील तर पहाटे नका, दुपारी घ्या. वडगाव-शहापूरकडे जागा असेल तर शेजारी यंत्रमाग कधी चालतो ते आधी विचारा, त्याची थरथर जमिनीतून किकच्या माइकमध्ये येते आणि नंतर काढता येत नाही.

विजेचं आधी बघा. अर्थिंग नसेल तर गिटारच्या तारेला किंवा माइकला हात लागला की झिणझिण्या येऊ शकतात. तसं झालं तर वाजवणं थांबवा आणि वायरमन बोलवा, हा जिवाशी खेळ आहे. वीज गेल्यावर स्वस्त इन्व्हर्टरवर रेकॉर्ड करू नका, त्याची चौकोनी लहर प्रत्येक ट्रॅकवर कर्कश आवाज सोडते. लॅपटॉप बॅटरीवर ठेवून वाट बघा.

24 बिट, 48 किलोहर्ट्झ, आणि सर्वांत मोठा ठोका उणे 10 डेसिबलच्या आसपास. आठ ट्रॅक, पाच मिनिटांचं गाणं म्हणजे एका टेकला सुमारे 345 एमबी. दहा गाण्यांचे चार-चार टेक धरले तर 14 जीबी. दोन वेगळ्या डिस्कवर नकला ठेवून मगच हॉल सोडा. निघण्याआधी एक फुगा ड्रमच्या जागी फोडून खोलीच्या माइकवर त्याचा आवाज घ्या. कन्व्होल्यूशन रिव्हर्बमध्ये (खऱ्या खोलीचा घुमारा उचलणाऱ्या प्लगइनमध्ये) तो घातला की घरी घेतलेली गिटार आणि आवाजही त्याच हॉलमध्ये उभे राहतात, सगळा अल्बम एका छताखाली येतो.

बाकीचं घरी. क्रम बास, गिटार, पेटी, शेवटी आवाज.

मिक्स

रिव्हर्ब दोनच ठेवा, एक लहान आणि एक हॉलचा, आणि सगळ्यांना त्यांतूनच थोडं थोडं द्या. रिव्हर्बच्या वाटेवर 250 हर्ट्झच्या खालचं आणि 6 किलोहर्ट्झच्या वरचं कापा. किकला रिव्हर्ब नको. बासला तर अजिबातच नको. गिटार आधी तुम्हाला पटेल तितकी ठेवा, मग 2 डेसिबल कमी करा. पंकच्या सवयीने ती मोठीच लावलेली असते.

मग सगळं मोनोमध्ये ऐका. स्टीरिओ कोरसच्या दोन बाजू एकमेकींना खोडतात, आणि हेडफोनवर पसरलेली गिटार फोनच्या एका स्पीकरवर गायब होते. तसं झालं तर कोरस मोनो करा आणि पसारा डिलेने आणा. अंतिम पातळी उणे 14 एलयूएफएसच्या (सरासरी मोठेपणाचं माप) आसपास, शिखर उणे 1 वर. पंकसारखं दाबून सपाट केलंत तर मेहनतीने केलेली जागा पुन्हा भरते.

अल्बमचं पहिलं गाणं जुन्या-नव्याच्या सीमेवरचं असू द्या, वेग जुना आणि कॉर्ड नवे. सर्वांत लांब गाणं शेवटी. स्टेजवर दोन संथ गाणी पाठोपाठ लावू नका, मध्ये एक जुनं दीड मिनिटाचं येऊ द्या. पेडलसाठी 9 व्होल्टचा, आतली टोचणी उणे असलेला ॲडॉप्टरच न्या आणि एक जादा ठेवा. बेंजो पार्टीच्या कीबोर्डचा हाताला लागला म्हणून तो लावू नका, त्याची पोलॅरिटी उलटी असू शकते आणि डिले पहिल्याच गाण्यात जळतो.